गवताची नोकरी

पुंजाजी माळी तीस वर्षं आफ्रिकेत होते, हे सगळ्या वाशीमला ठाऊक होतं. तिथं ते काय करीत होते हे मात्र ते कायमचे परत येईपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोलासुद्धा नाही. यात लपवाछपवी काही नव्हती. ऐकण्यात चूक झाली होती, आणि ती एवढी सोयीची होती की तीस वर्षांत कोणाला ती दुरुस्त करावीशी वाटली नाही.

वाशीम जिल्ह्याचं गाव होतं तेव्हा बंगल्यावर एक साहेब असे आणि पुंजाजी त्याच्या कुंड्यांना पाणी घालीत. पुढं सरकारनं जिल्हा मोडला. साहेबानं आफ्रिकेतली नोकरी पत्करली आणि सामानाबरोबर माळीही नेला. पुंजाजींचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मधल्या काळात ते दोनदा येऊन गेले, एकदा वडील गेले म्हणून आणि एकदा मुलीचं आसेगावला लग्न होतं म्हणून. पहिल्या खेपेला बायकोनं, गयाबाईंनी, विचारलं, "तिथं कशावर हा तुमी?" ते म्हणाले, "लानवर." गयाबाईंनी ऐकलं, "लाइनवर." कारंज्याची छोटी आगगाडी पाहून आलेली माणसं गावात होती, तेव्हा लाइन म्हणजे काय हे सांगायला कोणी लागलं नाही. पुंजाजी आफ्रिकेत रेल्वे बांधतात हे ठरून गेलं.

ते कायमचे आले तेव्हा मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि रिसोडच्या वाटेवर त्यांच्या मळ्याला लागून असलेल्या एका खोलीत राहत होतो. गावानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. ठरवलं नानासाहेब वकिलांनी. नानासाहेब आमच्या गावचे कायमचे अध्यक्ष. सभा कोणतीही असो, आधी खुर्ची येई आणि खुर्चीच्या मागोमाग नानासाहेब. सभा शाळेत असल्यामुळं हार आणि सतरंजी माझ्याकडं होती.

नानासाहेब चांगलं पाऊणएक तास बोलले. वऱ्हाडच्या एका सुपुत्रानं काळ्या खंडाच्या छातीवर लोखंडी रूळ कसे रोवले, सिंहांच्या जबड्यातून आगगाडीला वाट कशी काढून दिली, वगैरे. हार घातला गेला. पुंजाजी उठले. उंच, वाळलेले, डोक्यावर साहेबाची जुनी फेल्ट टोपी. हार त्यांनी काढून हातात धरला होता आणि त्यातली कोमेजलेली फुलं बोटांनी वेगळी करीत होते.

"नानासाहेब," ते म्हणाले, "लाइन नाई. लान."

"म्हणजे?"

"गवत."

"कसलं गवत?"

"हिरवं."

"घोड्यांसाठी?"

"नाई. कोनी खात नाई ते."

"मग करतात काय त्याचं?"

"कापतेत."

"आणि कापून?"

"फेकून देतेत. मंग पुन्ना वाढू देतेत."

मग मागच्या सतरंजीवरून कोणीतरी ओरडलं, "अन् तेवढ्यासाठी इतक्या दूर गेला काय बावा? आमच्या वावरात याले पायजे होतं. फुकट वाढते!" आणि सभा हशानं फुटली. ज्या गावात बायका आषाढापासून दिवाळीपर्यंत कंबर मोडून गवत उपटतात, त्या गावात तीस वर्षं गवत वाढवून आलेला माणूस सत्काराला उभा होता. नानासाहेबांनी सभा सावरायला विचारलं, "पण सिंह तरी पाहिलात की नाही?"

"पायला. एकदा सकाळी लानवरच बसला होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करतो? तिथं बसाची मनाई होती. पन तेले सांगावं कोनं?"

पुंजाजी विनोद करीत नव्हते. विचारलं तेवढ्याचं उत्तर देण्याची त्यांना सवय होती. ते घरी आले तो दिवस मी पाहिला नाही, पण गयाबाईंनी तो मला वांगी तोलता तोलता सांगितला. त्या मिरच्या तोडत होत्या. बांधावर कोणी उभं आहे असं वाटलं म्हणून वर पाहिलं. "आले?" त्या म्हणाल्या. "हाव," ते म्हणाले. "हातपाय धुवा. भाकर झाकून हाय." एवढंच.

"तीस वर्षं मनातल्या मनात बोलून राह्यली होती, मास्तर," गयाबाई म्हणाल्या. "आले का असं मनीन, आले का तसं मनीन. शिव्याबी जमा करून ठेवल्या होत्या. अन् आले तं एकबी आठवली नाई. इतके दिस सांभाळलं अन् येळेवर सापडलं नाई."

गयाबाई बुटक्या, काळ्या, मनगटानं जाड. सासरा गेल्यावर मळा त्यांनी एकटीनं चालवला होता. मोटेवर बैल हाकायला एक गडी होता, बाकी वाफे, दांड, निंदण, बाजार सगळं त्या बघत. नवरा परदेशात असण्याची त्यांनी सोयीची सवय करून घेतली होती. आता तोच नवरा सकाळी उठून बांधावर उभा राहत होता आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

पुंजाजींचं चालणं मला आधी विचित्र वाटे. मोकळी जागा दिसली की ते तिच्या कडेनं जात. शाळेचं मैदान ओलांडायचं तर सरळ मधून न येता तीन बाजूंनी वळसा घालून येत. मी एकदा हाक मारली, "पुंजाजी, मधून या की." ते जागच्या जागी थांबले, खाली मातीकडं पाहिलं, तिथं गवताची काडी नव्हती हे त्यांनाही दिसत होतं, आणि पुन्हा कडेनंच आले. वाफ्यात पाय टाकण्याआधी ते चपलेचा तळ उलटा करून पाहत. कधी कधी जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून, लांबवर बघत पडत. जमीन सपाट आहे की नाही ते असं कळतं म्हणे. नवख्याला वाटे, माणूस पडला. दोनदा लोक पाणी घेऊन धावले.

आणि त्यांचा एक शब्द होता. बाडो. तिकडच्या भाषेत 'अजून नाही' याला बाडो म्हणतात. पुंजाजींच्या म्हणण्याप्रमाणं तिथं कोणी सरळ 'नाही' म्हणत नाही. "जेवला का? बाडो. लगन झालं का? बाडो. तिथं एक म्हातारा होता, नव्वदीचा, तेले इचारलं का बावा, घोड्यावर कदी बसला का? तं मने बाडो." हे सांगतानाही ते हसले नाहीत. गावानं मात्र शब्द उचलला. उधारी मागायला आलेल्याला लोक बाडो म्हणू लागले.

मी त्यांना एकदा विचारलं, तीस वर्षांची नोकरी सोडून का आलात? गावात याची तीनचार उत्तरं फिरत होती आणि त्यातली दोन त्यांनीच दिलेली होती. मला म्हणाले, "साहेब तं कवाच मेला. मंग मी कलबात होतो. तिथंबी लानच. एक दिवस पाइप धरून उभा होतो. पानी चालू. कवा दुपार झाली मले समजलंच नाई. लानाचं तळं झालं. कलबाचा साहेब आला, लई बोलला. मले राग नाई आला. लाजबी नाई वाटली. तो बोलून राह्यला अन् मी त्याच्या बुटाकडं पाहून राह्यलो, का हा ओल्यात उभा हाय, डाग पडंन. मी मनलो, आता बस."

"आणि इथं आल्यावर? बांधावर उभे राहिलात तेव्हा कसं वाटलं?"

त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

"काई नाई वाटलं, मास्तर. मले वाटलं होतं का वाटंन. जहाजातबी वाटलं का उतरल्यावर वाटंन. गाडीत वाटलं का घरी गेल्यावर. पन नाई."

मी चिकार पुस्तकं वाचली होती. त्यांत घरी परतलेली माणसं उंबऱ्यावर डोकं टेकून रडत.

मेथीचं प्रकरण झालं ते मार्गशीर्षात. आल्याला महिना झाला होता. गयाबाई बाजाराला निघाल्या होत्या आणि मेथीत हरळी माजली होती. त्यांनी पुंजाजींच्या हातात खुरपं दिलं. "एवढा वाफा निंदून ठेवा," म्हणाल्या. नवऱ्याला काही तरी काम हवं होतं आणि निंदण हे माळ्याच्या घरात पोरंही करतात. पुंजाजी बसले. मी खिडकीतून पाहत होतो. हात काय चालत होता! मान खाली, नजर हलत नाही, खुरप्याचा आवाज एका लयीत. माणूस पहिल्यांदाच जागेवर बसल्यासारखा दिसला. मला बरं वाटलं आणि मी वह्या तपासायला वळलो.

गयाबाई उन्हं उतरताना आल्या. रिकामी टोपली डोक्यावरून उतरवायच्या आधीच थांबल्या. मी बाहेर आलो. वाफा सुरेख दिसत होता. कडा सुतात, रान स्वच्छ, आणि मधे कोवळी, एकसारखी, लुसलुशीत हरळी. मेथीचं रोप न् रोप मुळासकट उपटून बांधावर छोट्या छोट्या ढिगांत रचलेलं होतं. सगळे शेंडे एका दिशेला.

तीस वर्षं त्या हातांनी गवताशिवाय जे काही उगवेल ते उपटलं होतं.

पुंजाजी वाफ्यापाशी उभे होते. तोवर त्यांच्याही ध्यानात आलं होतं. गयाबाई ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. आमच्याकडं अशा वेळी बायका ओरडतात आणि ते बरं असतं. त्या ओरडल्या नाहीत. ढिगातली एक काडी उचलून पाहिली, वाळली होती.

"डोक्सं नाई इसरलं तुमचं," त्या म्हणाल्या. "हात इसरले."

"मी वापस जातो, वं," पुंजाजी म्हणाले. "तिथं हात चालतेत."

हे त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं. पाऊस येईल असं वाटतं, अशा सुरात म्हटलं. गयाबाई खाली बसल्या आणि मेथीचे ढीग टोपलीत भरू लागल्या. बैलांना तरी होतील. टोपली भरली. मग म्हणाल्या, "हा वाफा तं बिघडलाच. यात तुमचं गवत होऊ द्या. उनाळ्यात इहिरीचं पानी खाली जाते, तवा गवताले पानी भेटनार नाई. तोवर राहा. मंग पाहू. जाचं तं जा."

मुदत ठरली. विहिरीचं पाणी उतरेपर्यंत.

त्या हिवाळ्यात पुंजाजींनी त्या एका वाफ्यावर जे केलं ते बघायला रिसोडच्या बाजाराला जाणारे लोक बैलगाडी थांबवीत. शेजारी वांगी, पलीकडं कांदे, आणि मधे हातभर रुंदीच्या बांधांत अडकलेला साहेबाच्या बंगल्याचा एक तुकडा. ते तो मेंढ्या कातरायच्या कात्रीनं कापीत. लोक विचारीत, "पुंजाजी, भाव काय लावला?" कोणी गाढव आणून बांधावर उभं करी. पुंजाजी गाढवाला हाकलीत, माणसाला काही म्हणत नसत.

मी एकदा म्हणालो, "बसा की जरा. इतकं केलंय."

"त्याच्यावर बसाचं नसते, मास्तर."

"मग काय करायचं असतं?"

"पाहाचं."

गयाबाई पलीकडं कांद्याला पाणी देत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पाहाले मले येळ नाई." आणि दांडाचं पाणी वळवून त्याच फावड्यानं पुंजाजींच्या वाफ्याचं तोंडही उघडलं. रोज उघडीत. कांद्याइतकंच देत, थेंबही जास्त नाही.

माघात नानासाहेब आले. सत्कारात झालेली फजिती ते विसरले नव्हते, पण मधे एक गोष्ट घडली होती. म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीपुढं मोठे साहेब येणार होते, कशाचं तरी उद्‌घाटन होतं, आणि कोणीतरी नानासाहेबांना सांगितलं होतं की अकोल्याच्या कचेरीपुढं हिरवळ आहे. त्यांनी वाफ्याभोवती एक फेरी मारली. काठीनं गवत टोचून पाहिलं. पुंजाजींचा चेहरा तेवढाच एकदा आक्रसलेला मी पाहिला.

"पुंजाजी, आम्ही तुम्हांला कमिटीत घेतो. कायमची नोकरी. कचेरीमागं खोली. पितळी बिल्ला. कधी येता?"

"बाडो."

नानासाहेब माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बडा म्हणतोय. बडा हुद्दा पाहिजे दिसतो." गावानं उचललेला तो शब्द वकिलांच्या ओसरीपर्यंत पोचला नव्हता; मी त्यांना त्याचा अर्थ सांगू शकलो असतो. सांगितला नाही. नानासाहेब आठवड्यानं परत आले तेव्हा माळ्याचा 'मुख्य माळी' झाला होता. उत्तर तेच आलं. तिसऱ्या खेपेला 'उद्यान अधीक्षक' झाला. कमिटीला उद्यान नव्हतं. अधीक्षक मात्र होण्याच्या बेतात होता.

गंमत होती, पण मळ्यात ती कोणाला वाटत नव्हती. गयाबाईंनी मला विचारलं, "मास्तर, त्या खोलीत चूल हाय का?" मी म्हणालो, आहे. "हं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "मंग तिथंच जेवतीन." जा म्हणत नव्हत्या, राहा म्हणत नव्हत्या. तीस वर्षं आफ्रिकेत आणि आता अर्ध्या कोसावर कमिटीत. अंतर कमी झालं असतं, नोकरी तीच राहिली असती. पुंजाजींनाही ते कळत असावं. संध्याकाळी ते विहिरीत वाकून पाणी किती खाली गेलं ते बघत आणि परत येत.

चैत्र लागला आणि मोट अर्धीच भरून वर येऊ लागली. वांगी माना टाकू लागली. गयाबाईंनी गवताचं पाणी तोडलं नव्हतं, पण आता त्या वाफ्याशी आल्या की फावडं हातात धरून क्षणभर उभ्या राहत. नानासाहेबांचा शेवटचा निरोप आला होता. सोमवारी बैलगाडी पाठवतो, पेटी भरून ठेवा. पुंजाजींनी पेटी खरंच बाहेर काढली होती. तिच्यावर तिकडच्या बोटीचे कागद चिकटलेले होते, ते त्यांनी कधी काढले नव्हते.

रविवारी बाजार असे. गयाबाई दुपारी परतल्या तेव्हा ऊन असं होतं की वाटेवर कुत्रं नव्हतं. मी ओट्यावर होतो. पुंजाजी विहिरीपाशी. गयाबाईंनी आंब्याखालची नेहमीची जागा पाहिली, तिथं बैल बसले होते. मग त्या सरळ गवताच्या वाफ्यापाशी आल्या, टोपली उतरवली, आणि मधोमध, पाय पसरून, गवतावर बसल्या. चपलांसकट पाय धुळीनं भरलेले होते. भाकरीचं फडकं मांडीवर सोडलं. कांदा बुक्कीनं फोडला. जेवल्या. सावकाश, चावून, बाजारातून आलेलं दमलेलं माणूस जेवतं तशा.

पुंजाजी उभे राहिले ते उभेच. सिंहाला त्यांनी काही म्हटलं नव्हतं आणि गयाबाईंनाही काही म्हटलं नाही. त्यांची नजर एकदा बायकोच्या चपलांवर गेली, मग तिथून निघून तोंडावर गेली आणि तिथं राहिली. माझ्या माहितीत ते गयाबाईंकडं इतका वेळ पाहत असलेले तेव्हाच दिसले.

गयाबाई पाणी प्याल्या, फडकं झटकलं, आणि उठण्याआधी तळवा गवतावरून एकदा फिरवला.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या. आणि वांग्यांकडं गेल्या.

गवतावर त्या बसल्या होत्या तिथं खळगा पडला होता. पुंजाजी जवळ गेले आणि त्याकडं बघत राहिले. एरवी त्यांनी हातानं थापटून काड्या उभ्या केल्या असत्या. तसं केलं नाही.

सोमवारी सकाळी नानासाहेबांची गाडी आली तेव्हा पुंजाजी कुदळीनं वाफा खणत होते; त्याचं पाणी वांग्यांकडं वळवलेलं होतं. हरळी मुळासकट बांधावर पडत होती. या खेपेला ढीग लावलेले नव्हते, कसेही फेकले होते. गाडीवाल्यानं विचारलं, "येता नं?" ते म्हणाले, "नाई." बाडो नव्हे. गाडीवाला मला म्हणाला, "मास्तर, नानासाहेबाले काय सांगू?" मी म्हणालो, जे ऐकलंस ते सांग. अधीक्षकाची जागा मग नानासाहेबांच्या भाच्याला मिळाली. हिरवळ झाली नाही. मोठे साहेब आले, त्यांनी फीत कापली, आणि खाली पाहिलंच नाही.

यानंतर पुंजाजी सुखी झाले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही दिसलं नाही. ते तसेच कमी बोलत, मैदानाच्या कडेनंच चालत. पावसाळ्यात त्यांना ताप येऊन गेला. दिवाळीला मुलगी आसेगावहून आली तेव्हा ती त्यांच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलली, आणि त्यांनीही तिला पाहुणीसारखं पाणी आणून दिलं.

मार्गशीर्षात माझी अकोल्याला बदली झाली. निघायच्या सकाळी मी मळ्यात गेलो. त्या वाफ्यात मेथी होती आणि मेथीत हरळी होती. ती खणून जात नाही. दोघं निंदत होते. गयाबाई एका टोकाला, पुंजाजी दुसऱ्या, तोंडं समोरासमोर. फेल्ट टोपी बुजगावण्याच्या डोक्यावर गेली होती.

"येतो, पुंजाजी," मी म्हणालो. "काय, जमलं का?"

"बाडो," ते म्हणाले. मान वर केली नाही.

मी थोडा वेळ बांधावर उभा राहिलो. पुंजाजींचा हात सवयीनं पुढं जाई, मेथीच्या रोपाला धरी, आणि तिथं थांबे. दर वेळी थांबे. गयाबाईंचं खुरपं चालूच असे. त्याही मान वर करीत नव्हत्या. वाफ्याच्या त्या टोकावरून त्यांना दिसत होतं, की पुंजाजींच्या खुरप्याचा आवाज बंद झाला म्हणून कळत होतं, हे मला सांगता येणार नाही.

"ते मेथी," त्या म्हणत.

"हं," पुंजाजी म्हणत. बोटं सुटत, वीतभर सरकत, आणि शेजारचं गवत उपटीत.

मी वाटेला लागलो तरी बराच वेळ ते ऐकू येत होतं. ते मेथी. हं. ते मेथी. हं.